बत्तीस वेळा दोन इंच

माझ्या दुकानासमोरच्या कार्यालयाचं पूर्ण नाव 'साहाय्यक साधन पुरवठा व पडताळणी कार्यालय' असं आहे. पुरवठा करायला तिथे एक माणूस आहे आणि पडताळणी करायला अकरा. या कार्यालयात जाणारा प्रत्येक कागद आधी माझ्या झेरॉक्स यंत्रातून दोन प्रतींत निघतो. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते कागदोपत्री खरं आहे, हे सुरुवातीलाच नमूद करतो. ज्याला कागद नाही अशी गोष्ट या हकिगतीत एकच आहे आणि ती मी शक्य तितकी लांबवणार आहे.

हकिगत एका उशीची आहे.

पेंटर माझा मित्र. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. तीन वर्षांपूर्वी माझ्याच दुकानाची पाटी रंगवत असताना तो बारा फुटांवरून खाली आला. 'येथे झेरॉ' इथपर्यंत मजकूर झाला होता. पाटी अजून तशीच आहे आणि गिऱ्हाईक समजून घेतं. शिडी खाली एका जबाबदार इसमाने धरलेली होती. त्या इसमाबद्दल यथावकाश बोलू.

पेंटर पडला तो फुटपाथच्या कडेवर, पाठीवर. शुद्धीत होता. "मला हलवू नका रे," तो म्हणाला, "माझे पाय सापडत नाहीयेत मला." आता भररस्त्यात माणूस पडलाय आणि त्याला हलवायचं नाही, हे कुठल्या सहृदय नागरिकाला पटेल? आम्ही सात जण धावलो. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले, एकाने डोकं उचललं, एकाने कमरेला हात लावला आणि सातव्याला धरायला काही उरलं नाही म्हणून तो सूचना देऊ लागला. डावा पाय माझ्याकडे होता. गाडी लहान होती आणि पेंटर लांब होता, म्हणून त्याला कमरेत दुमडून मागच्या सीटवर बसवलं. चार मिनिटांत रस्ता मोकळा झाला.

इस्पितळात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "फळीवर आणलंत का?"

"छे हो, हातांवर आणलं," मी म्हणालो. "फुलासारखं."

डॉक्टरांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ऑपरेशन झालं. पाठीत दोन सळया आणि आठ स्क्रू बसले. बाहेर येऊन डॉक्टर पेंटरच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, म्हणाले, "मणका तुटला होता, तो बांधला. पण मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जातो, मार त्याला बसलाय. मेंदूचा निरोप पायांकडे आणि पायांचा मेंदूकडे तोच नेतो. तो पुन्हा जोडायचं तंत्र अजून आमच्याकडे नाही."

"पण पडल्यावर ते बोलत होते," वहिनी म्हणाल्या. "मग हे पडून झालं की उचलताना?"

"किती पडताना आणि किती उचलताना, ते आता सांगता येणार नाही."

आम्हा सातही जणांना या उत्तराने फार हलकं वाटलं. पुढच्या महिन्यात नागरिक मंडळाने आम्हाला 'तत्पर मदतगार' अशी प्रमाणपत्रं दिली. माझं मी दुकानात लावलंय.

त्यानंतर पाच महिने पेंटर व्यायामवाल्या बाईंच्या ताब्यात होता. बाई आवाजाने कडक आणि मनानेही कडकच. हातांवर शरीर पेलून पलंगावरून खुर्चीत कसं जायचं, हात साबणाने धुऊन ठरलेल्या वेळी नळीने लघवी कशी काढायची, हे सगळं त्यांनी त्याच्याकडून घोटून घेतलं. पण त्यांचा खरा जीव कातडीत होता.

"आपण बसतो तेव्हा बूड दुखतं आणि आपण हलतो," बाई म्हणाल्या. "तुला दुखणारच नाही. म्हणून दर अर्ध्या तासाने दोन्ही हात खुर्चीवर रोवायचे आणि बूड उचलून धरायचं. एक मिनिट, मोजून. विसरलास तर तुला कळणार नाही, आणि कळेल तेव्हा भोक पडलेलं असेल. ती जखम हाडापर्यंत जाते. त्यातून रक्तात विष भिनून माणसं दगावतात. तुझ्या मणक्याने तू मरणार नाहीस, पण बसून राहिलास तर मरशील."

हे ऐकताना वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. वहिनी शिवणकाम करतात. बाहीत अर्ध्या बोटाचा फरक पडला तर उसवून पुन्हा शिवणारी बाई. त्यांनी रोज सकाळी हातआरसा घेऊन नवऱ्याची कातडी तपासायची, हे त्या दिवशी ठरलं आणि तीन वर्षांत एक सकाळ चुकली नाही. पेंटरच्या मनगटावरचं घड्याळ दर अर्ध्या तासाने वाजतं, तो उचलतो, मिनिट मोजतो, पुन्हा बसतो आणि पुन्हा ब्रश हातात घेतो. घरी बसून तो लहान पाट्या रंगवतो. तीन वर्षांत एकही जखम झाली नाही. व्यायामवाल्या बाई नव्या पेशंटांना त्याचं उदाहरण देतात.

कार्यालयाच्या दृष्टीने घोटाळा इथेच झाला.

खुर्चीबरोबर कार्यालयाने एक हवेच्या कप्प्यांची उशी दिली होती. तिचं आयुष्य दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी कप्पे गळू लागले. वहिनींनी त्यांना सायकलच्या ट्यूबची ठिगळं लावली. सकाळी भरलेली उशी दुपारी चपटी व्हायची आणि पेंटरची हाडं थेट खालच्या पाटावर टेकायची. त्याला अर्थातच पत्ता नसायचा. एके सकाळी आरशात कोटाच्या बटणाएवढा लाल डाग दिसला. तो दहा मिनिटांत गेला. पुढच्या आठवड्यात तो जायला अर्धा तास लागला. वहिनींनी नव्या उशीचा अर्ज केला. मी दोन प्रती काढल्या.

"जखम कुठंय?" कारकुनाने अर्ज उलटसुलट करून विचारलं.

"जखम होऊ नये म्हणून तर उशी हवी."

"ताई, तुमची भावना पोचली. पण नियम काय म्हणतो? जुनं साधन निकामी झालं असेल तर नवं द्यावं. आता उशीचं काम काय? जखम होऊ न देणं. जखम झालीय का? नाही. म्हणजे उशी काम करतेय."

"ती नाही हो काम करत, मी करते!"

"मग तसा दाखला आणा."

वहिनींनी डागाचा फोटो पुढे केला. कारकुनाने तो सहानुभूतीने पाहिला आणि काचेखालचा तक्ता दाखवला. माझ्याच यंत्रावर काढलेला होता, त्यामुळे अक्षर स्वच्छ होतं. 'लाल डाग: प्रतीक्षा. कातडी फाटलेली: विचारार्थ. हाड दिसत असल्यास: तातडीने, सहा महिन्यांच्या आत.'

"हाड दिसलं की तडक या," कारकून म्हणाला. माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून त्याने पुढे सल्लाही दिला, "आणि एक सांगू का? तुम्ही फार काळजी घेता. तो आरसा महिनाभर ठेवा की कपाटात. चार-पाच आठवड्यांत तुमचं काम होऊन जाईल."

वहिनी तिथून निघाल्या त्या थेट माझ्या दुकानात आल्या. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "तो माणूस मला हसून सांगत होता. मनापासून मदत करत होता हो माझी." मी आणखी एक प्रत काढून दिली.

दुसऱ्या अर्जानंतर प्रत्यक्ष पाहणी मंजूर झाली. खुद्द साहेब पेंटरच्या घरी आले. चांगला गृहस्थ, चपला बाहेर काढून, रंगाचे डबे ओलांडून, दिलेल्या वेताच्या मोड्यावर बसला. फॉर्म भरत असतानाच पेंटरचं घड्याळ वाजलं. पेंटरने हात रोवले आणि तो वर झाला.

साहेबांचं पेन थांबलं. "हे काय करताय?"

"उठतोय साहेब. दर अर्ध्या तासाला उठतो."

"उठता?" साहेब ताडकन पुढे झाले. "किती उठता?"

आता वहिनींच्या गळ्यात टेप असतेच. आपण किती निगा राखतो हे साहेबांना कळतंय, अशा आनंदात त्यांनी तिथल्या तिथे मोजून दाखवलं. "दोन इंच. बरोब्बर दोन. दिवसातून बत्तीस वेळा."

साहेबांनी दोन्ही आकडे लिहून घेतले आणि चहा न घेता निघाले.

अहवाल आठवड्याने आला. पहिली प्रत निघाल्यावर मला वाटलं यंत्रच बिघडलं, म्हणून मी काच पुसून दुसरी काढली. तिच्यातही तेच होतं: 'अर्जदार दररोज बत्तीस वेळा, प्रत्येक वेळी दोन इंच, स्वबळावर उठतो. एकूण उत्थान चौसष्ट इंच. अर्जदाराची मूळ उंची सहासष्ट इंच. सबब, अर्जदार दररोज दोन इंच वगळता पूर्णपणे उभा राहतो असे सिद्ध होते. शिल्लक अपंगत्व तीन टक्के. उशीचा प्रश्न उद्भवत नाही. चाकाची खुर्ची परत का घेऊ नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत समक्ष हजर राहून करावा.'

पेंटर हसून हसून लाल झाला. "अरे, मला कुणी सांगितलंच नाही! तेहतीस वेळा उठलो असतो तर उभाच होतो की रे. तुझी पाटी पुरी करून आलो असतो."

वहिनी हसल्या नाहीत. त्या दिवशी डाग संध्याकाळपर्यंत गेला नव्हता. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरल्या की त्या शिवणयंत्र जोरात चालवतात. त्या दिवशी त्यांनी एका सदऱ्याला तीन बाह्या लावल्या असत्या, पेंटरने थांबवलं म्हणून वाचला.

व्यायामवाल्या बाई येऊन डाग बघून गेल्या. "बसणं बंद," त्या म्हणाल्या. "डाग पूर्ण जाईपर्यंत पालथं झोपायचं." पेंटर पालथा झोपला. वहिनींनी कार्यालयाला तसं कळवलं आणि सुनावणी पुढे ढकलायची विनंती केली. उलट टपाली उत्तर आलं की अर्जदार जर पालथा झोपत असेल तर त्याला बसायच्या उशीची गरज नाही. गादीसाठी गादी विभागाकडे वेगळा अर्ज करावा. सुनावणी ठरल्या दिवशीच होईल.

तेव्हा आम्ही पेंटरला उचलून नेलं. वहिनींची कापड बेतायची मोठी फळी होती, तिच्यावर. तीन वर्षं उशिरा का होईना, माणूस फळीवर न्यायचा असतो हे आम्ही शिकलो होतो. मागून वहिनी रिकामी खुर्ची ढकलत होत्या. खुर्चीवर ती ठिगळांची उशी होती. फळी आम्ही साहेबांच्या समोरच्या टेबलावर ठेवली. पेंटरने मान एका बाजूला करून साहेबांना नमस्कार केला.

"अर्जदार उभे का नाहीत?" साहेबांनी विचारलं.

"आज उठायचा कोटा अजून पुरा व्हायचाय," पेंटर म्हणाला.

वहिनींनी खुर्ची साहेबांसमोर आणली. "साहेब, उशी चालू स्थितीत आहे असं तुम्ही लिहिलंत. तुमच्यापैकी कुणी बसून बघितलंय का तिच्यावर?"

कोपऱ्यातून कारकुनाने नियमपुस्तक काढलं, धूळ झटकली आणि नियम चौदा सापडला: 'साधनाच्या स्थितीबाबत वाद असल्यास सक्षम अधिकाऱ्याने अर्जदाराच्याच परिस्थितीत ते अर्धा तास स्वतः वापरून पाहावे.' हा नियम आजवर कुणी वापरलाच नव्हता. साहेबांचा चेहरा खुलला. नवा कोरा नियम हातात आला की त्यांना आनंद होतो.

"अर्जदाराच्याच परिस्थितीत म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे कमरेखाली हलायचं नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांनी डब्यातून शिवणकामाच्या खडूचे दोन चपटे तुकडे काढले आणि त्या उशीवर बसलेल्या साहेबांच्या दोन्ही गुडघ्यांवर उभे ठेवले. "पडले की हललात."

तिसऱ्या मिनिटाला डावा खडू पडला.

"मी हललो नाही," साहेब म्हणाले.

"मग खडू हलला असेल," वहिनी म्हणाल्या. "परत बसा."

दुसऱ्या खेपेला साडेचार मिनिटं झाली. तिसऱ्या खेपेला सात. सातव्या मिनिटाला साहेब उठलेच आणि मांड्या चोळत नाचू लागले. "मुंग्या आल्या हो! खालचं फळकूट नुसतं टोचतंय!"

"नशीबवान आहात," वहिनी म्हणाल्या. "मुंग्या आल्या म्हणून उठलात. त्यांना येत नाहीत, साहेब. त्यांच्या मुंग्या रोज सकाळी मी आरशात शोधते."

मला वाटलं, आता सही होते. पण नियम चौदा अर्ध्या तासाचा होता आणि चाचणी सात मिनिटांची झाली होती. सात मिनिटांवर सही करणारा अधिकारी पुढे अडकतो. म्हणून कारकून बसला: पाच मिनिटं. मग एकेक करून पडताळणीचे अकराही जण बसले. बाहेरच्या रांगेला सांगण्यात आलं की कार्यालय तातडीच्या कामात आहे. आवक-जावक विभागात एक गृहस्थ आहेत, ज्यांना गेल्या सात वर्षांत कुणी जागचं हलताना पाहिलेलं नाही. सगळ्यांची भिस्त त्यांच्यावर होती. ते बारा मिनिटं टिकले. तेराव्याला त्यांचाही खडू पडला आणि कार्यालयात हळहळ व्यक्त झाली.

"नियमात 'सक्षम नागरिक' असंही आहे," कारकून पुस्तकात बोट घालून म्हणाला.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांची नजर माझ्यावर थांबली. "हे बसतील. शांत वाटतात."

मी पुढे झालो. वहिनींच्या हातून खडू घेतले. खुर्चीत टेकणार, इतक्यात टेबलावरून, फळीला गाल लावलेला पेंटर म्हणाला,

"त्याला नका बसवू. तो हलतो."

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी हसलो.

कागद नसलेली गोष्ट ती हीच. शिडी मी धरली होती. चढायच्या आधी पेंटर मला म्हणाला होता, "घट्ट धर, हलू नकोस." आत यंत्रात कागद अडकला आणि ते पीं पीं करायला लागलं. मी शिडी सोडली असं म्हणणं बरोबर होणार नाही. मी फक्त वळून आत एक पाऊल टाकलं. तीन वर्षांत पेंटरने हे कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, नागरिक मंडळाला नाही आणि वहिनींनाही नाही.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसणं थांबलं तरी त्या बघतच होत्या. मग त्यांनी माझ्या हातातून दोन्ही खडू काढून घेतले, पुसले आणि डब्यात ठेवून झाकण लावलं.

चाचणी अपूर्ण राहिल्यामुळे फाइल प्रलंबित आहे. खुर्ची परत घेणंही प्रलंबित आहे, एवढाच त्यातला लाभ. 'अर्धा तास न हलता बसू शकणाऱ्या सक्षम नागरिकाने कार्यालयाशी संपर्क साधावा' अशी जाहीर सूचना निघाली. तिच्या दोनशे प्रती मी काढल्या आणि एक माझ्या दारावर लावली, प्रमाणपत्राच्या शेजारी. डाग मधे जरा फिका पडला होता. पण ठरलेलं काम द्यायचं म्हणून पेंटर दोन दिवस त्याच उशीवर बसला, आणि परवा सकाळी कातडी फाटली. अर्ज आता 'प्रतीक्षा'मधून 'विचारार्थ'मध्ये गेला आहे. कारकून स्वतः रस्ता ओलांडून ही बातमी द्यायला आला होता. "अभिनंदन सांगा वहिनींना," तो म्हणाला. वहिनी हल्ली झेरॉक्स दुसरीकडे काढतात.

सूचनेला अजून कुणी आलेलं नाही, म्हणून ही हकिगत छापायला दिली. म्हटलं, वाचणारे स्थिर बुडाचे असतात.

पण तुम्ही हे वाचायला घेतल्याला दहा-बारा मिनिटं झाली असतील. तेवढ्यात एक मांडी बदललीत, एकदा पाठ टेकलीत, एकदा नुसतेच सरकलात. आठवतही नसेल. तुम्हाला टोचलं आणि तुम्ही हललात. कुणी दाखला मागितला नाही, कुणी इंच मोजले नाहीत. असो. अपात्रांच्या यादीत तुमचं नाव घालतो आहे. घाबरू नका, पहिलं नाव माझंच आहे.